नाखवा बाईंची पाऊणपट

सुमती काशीराम नाखवा या शिक्षिकेविरुद्ध मी एकदा अर्ज लिहिला होता. त्यावर एकोणतीस पालकांच्या सह्या होत्या आणि पहिली माझी होती.

ही गोष्ट फेब्रुवारी २०१२ची. माझी मुलगी मनस्वी पनवेलच्या एका मराठी शाळेत नववीत होती आणि नाखवा बाई तिला भूगोल शिकवत. त्यांनी वर्गाची क्षेत्रभेट ठरवली होती. खाडीकाठी जायचं, तिवरांची झाडं पाहायची, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात उतरून खेकड्यांची बिळं मोजायची आणि घरी येऊन अहवाल लिहायचा. वर्गात बेचाळीस मुलं होती. त्यातली चार पोहू शकत होती. हा आकडा शाळेकडे नव्हता, मी घरोघरी फोन करून मिळवला.

तेव्हा प्रश्न एवढाच होता की सोमवारी खाडीत पाणी कधी नसेल. शाळेच्या संस्थेने नुकतंच एका कंपनीचं शैक्षणिक संकेतस्थळ घेतलं होतं. त्यावर ‘भरती-ओहोटी’ या धड्यात ठिकाण आणि तारीख टाकली की वेळा येत. सोमवारची ओहोटी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी, असं ते सांगत होतं. बाईंचं म्हणणं, त्या वेळी खाडी काठोकाठ भरलेली असेल, भेट दुपारनंतर ठेवा. संकेतस्थळ उपग्रहावर चालत होतं. बाई बोटांवर चालत होत्या.

मी संकेतस्थळाच्या बाजूची होते. सकाळची बस एक वाजता परत येणार होती, दुपारची अंधार पडताना. शिवाय मी बी.एस्सी. आहे. बोटांवर मोजून बेचाळीस मुलांना चिखलात उतरवणं मला पटेना. मी संकेतस्थळावरचं पान छापून घेतलं, अर्जाला जोडलं आणि सह्या गोळा केल्या. रोडपालीपर्यंत जाऊन आले.

बाईंविषयी तोवर मला फारसं माहीत नव्हतं. पुढे कळत गेलं ते असं.

त्या उरणकडच्या एका कोळीवाड्यातल्या. वडिलांची, काशीरामांची, होडी होती. आई सखूबाई बोंबील सुकवायची. भाऊ पुढे न्हावा शेव्याला कामाला लागले, होडी विकली गेली. बाई कोळीवाड्यातल्या पहिल्या बी.ए.बी.एड. ज्या दिवशी नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी सखूबाईंनी विचारलं, “आता तू पोरांना काय शिकवनार?” बाई म्हणाल्या, “भूगोल.” “म्हंजे?” “म्हणजे समुद्र वगैरे.” सखूबाई म्हणाल्या, “त्याचे पैशे देतात?”

वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत, आवाज न चढवता. कोणी चुकीचं उत्तर दिलं की रागावत नसत. “कोणी सांगितलं?” एवढंच विचारत. मनस्वी सांगायची की त्यापेक्षा रागावलेलं परवडतं.

संकेतस्थळांशी त्यांचं वाकडं नव्हतं. उलट शाळेत सगळ्यात आधी त्या सायबर कॅफेत जाऊन बसल्या होत्या, २००८ साली. कारण त्या वर्षी ‘किनारपट्टीवरील व्यवसाय’ या प्रकल्पात एकोणीस मुलांनी लिहिलं होतं की मुंबईच्या किनाऱ्यावर लोक बदकं सुकवतात. सोबत बदकाचं रंगीत चित्र होतं. एका संकेतस्थळाने बोंबलाच्या ‘बॉम्बे डक’ या इंग्रजी नावाचं शब्दशः भाषांतर केलं होतं आणि मुलांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. बाईंनी एक प्रकल्प घरी नेऊन आईला वाचून दाखवला.

“आमी कदी बदकां सुकवली?” सखूबाई म्हणाल्या. “त्या पोराला बोलव हिकडं. पिसां काढायला बसव.”

बाईंनी मुलांना शून्य दिलं नाही. मुलांना कोणी शिकवलंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एक लांबट रजिस्टर आणलं, पुठ्ठ्यावर ‘संकेतस्थळे’ असं लिहिलं आणि वर्गात दाखवायचं प्रत्येक संकेतस्थळ आधी त्यात नोंदवायचं ठरवलं. कोणी लिहिलंय, त्याचं नाव पत्ता आहे का, शेवटचं कधी दुरुस्त केलंय, शेजारी काय विकायला ठेवलंय, हे सगळं त्या बघत. पण पहिला रकाना वेगळाच होता: ‘मला स्वतःला पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट.’ नवं संकेतस्थळ उघडलं की बाई आधी तीच विचारत. जे आपल्याला माहीत नाही ते तिथे बघायला जायचं, पण त्याआधी जे माहीत आहे ते विचारून घ्यायचं. पाहुण्याला घरात घेताना आपण गावाचं नाव विचारतो, तसं. चार वर्षांत त्या रजिस्टरात एकशे बारा नोंदी झाल्या होत्या. एका संकेतस्थळाने पनवेलला थंड हवेचं ठिकाण केलं होतं. त्या नोंदीपुढे बाईंनी शेरा लिहिला होता: ‘लेखक मे महिन्यात आलेला नाही.’

नवीन संकेतस्थळ आलं तेव्हा संस्थेने प्रत्येक शिक्षकाला मूल्यमापनाचा छापील तक्ता दिला. रंगसंगतीला दहा गुण, चित्रांना दहा, आवाजाला दहा, सोपेपणाला दहा, मुलांच्या आनंदाला दहा. बहुतेकांनी अठ्ठेचाळीसच्या वर दिले. खेळाच्या सरांनी पन्नास दिले. त्या दिवशी वीज नव्हती, त्यामुळे त्यांनी ते पाहिलं नव्हतं. बाईंनी पट्टीने रेघ मारून एक रकाना वाढवला, ‘माहिती बरोबर आहे का’, आणि त्यात शून्य लिहिलं.

मुख्याध्यापक भोईर सर म्हणाले, “बाई, तक्त्यात असा रकाना नाही.”

“म्हणून तर आखला.”

संगणकाचे शैलेश सर वयाने लहान होते आणि बाईंचे जुने विद्यार्थी. ते म्हणाले, “बाई, डेटा सॅटेलाइटचा आहे. एवढी मोठी कंपनी चुकेल का?”

“उपग्रहाला चिखलात उतरायचं नाही, शैलेश. तू उतरणार आहेस. सोमवारी तुझी ड्यूटी आहे.”

हे मी ऐकलं, कारण मी तेव्हा अर्ज घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी होते. अर्ज भोईर सरांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचून बाईंकडे दिला. बाईंनी तो दोनदा वाचला, लाल पेनने एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि परत केला.

गुरुवारी पालकांची सभा झाली. मीच बोलायला उभी राहिले.

“बाई, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे. पण मुलं आमची आहेत.”

“माझ्याकडे दिलीत तेव्हापासून माझीही आहेत,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच अकरा वाजता नेत नाही. अर्जात अकरा पाच लिहिलंय. कोणी सांगितलं?”

“साइटने.”

“साइटला कोणी सांगितलं?”

मी शैलेश सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, “कंपनीने.”

“कंपनीला?”

कोमलची आई किशोरी माझ्या कानात म्हणाली, “आता आपल्यालाही बाकावर उभं करणार.”

“तुम्हाला कोणी सांगितलं, बाई?” मी विचारलं. मला वाटतं, थोडं खोचकच विचारलं.

“माझ्या वडिलांनी,” बाई म्हणाल्या, आणि फळ्याकडे वळून त्यांनी सगळ्या पालकांना हिशेब शिकवला. आमच्या किनाऱ्यावर कोळी पिढ्यान् पिढ्या असंच काढतात. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीनला. अष्टमी असेल तर सहाला. सोमवारी माघ शुद्ध चतुर्दशी, म्हणजे साडेदहाला. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. “आणि पौर्णिमा तोंडावर आहे,” त्या म्हणाल्या, “म्हणजे उधाणाचं पाणी. नेहमीपेक्षा वर चढतं.”

भोईर सरांना भांडण आवडत नसे. ते म्हणाले, “आपण मधला मार्ग काढू. एक वाजता नेऊ.”

“सर, एक वाजता छातीएवढं असेल.”

“कोणाच्या छातीएवढं?”

“मुलांच्या.”

शेवटी बाईंनीच तोड सुचवली. परवा शनिवार, द्वादशी. पाऊणपट नऊ. त्यांच्या हिशेबाने नऊला खाडी भरलेली असणार. शैलेश सरांनी लगेच संकेतस्थळ पाहिलं, ते म्हणत होतं की शनिवारी पावणेदहाला पूर्ण ओहोटी. “बरं झालं,” बाई म्हणाल्या. “ज्यांनी सही केलीय त्यांनी घड्याळ घेऊन धक्क्यावर यावं. ज्याचं चुकेल त्याची वेळ आपण घ्यायची नाही.”

एकोणतिसांपैकी दोघी गेलो, मी आणि किशोरी. बाकीच्यांनी आमच्यावर विश्वास टाकला होता. किशोरीने थर्मासमध्ये चहा आणला होता आणि शैलेश सरांनी लॅपटॉप. धक्क्याला खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. साडेआठला पाण्याच्या वर पाच दिसत होत्या.

पावणेनऊला चार उरल्या. नऊला तीन.

“भरली,” बाई घड्याळ बघून म्हणाल्या.

पाणी थांबलं नाही. नऊ वाजून वीस मिनिटांनी दोन पायऱ्या राहिल्या. बाईंनी चहा घेतला नाही. साडेनऊला तिसऱ्यांदा घड्याळाकडे पाहून त्यांनी ते कानाला लावलं. मला बरं वाटायला हवं होतं, कारण त्यांची वेळ चुकत होती. पण पाणी चढत होतं आणि माझीही चुकत होती. पावणेदहाला, जेव्हा संकेतस्थळाप्रमाणे चिखल उघडा पडायला हवा होता, तेव्हा शैलेश सरांनी बूट काढून हातात घेतले.

नऊ पन्नासला पाणी थांबलं. एक पायरी शिल्लक होती.

“बाई,” मी म्हणाले, “तुमचं पण चुकलं. पन्नास मिनिटांनी.”

“हो.”

“मग आता कोणाचं धरायचं?” किशोरी म्हणाली. “दोघांचंही चुकतंय. मला विचाराल तर भेटच रद्द करा. मुलं गूगलवर चिखल बघतील.”

मला ते लगेच पटलं. घरात बसलेली मुलगी बुडत नाही. मी शैलेश सरांना म्हणाले देखील, भोईर सरांना फोन लावा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. ज्या वहीवर आयुष्यभर भिस्त ठेवली त्याच वहीतलं पान फाटलेलं निघावं, तसं काहीसं होतं.

“पाच मिनिटं थांबा,” त्या म्हणाल्या.

धक्क्याच्या टोकाला एक म्हातारा जाळं विणत बसला होता. तो मघापासून आमच्याकडे बघत होता, आणि त्याला आमच्यात काही विशेष वाटत नव्हतं. बाई त्याच्याजवळ गेल्या. त्याचं नाव विठू.

“काका, आज द्वादशी. नवाला भरायला नको?”

“तुमी कुठल्या?”

बाईंनी गावाचं नाव सांगितलं.

“तरीच,” विठूकाका म्हणाले. “तुमची पाऊनपट समुद्राच्या तोंडावरची हाय. पानी हितवर यायला चालत येतं बाय, गाडीनं नाय येत. आमी वर पाऊन तास धरतो. उधानाला थोडं जास्ती.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?” बाईंनी विचारलं. सवयीने.

“कोनी सांगायला कशाला पायजे? रोज हितंच बसतो.”

बाई तिथेच दगडावर बसल्या आणि पिशवीतून रजिस्टर काढलं. मी खांद्यावरून वाचलं. एकशे तेराव्या नोंदीत त्यांनी लिहिलं: ‘सुमती नाखवा. माहितीचा स्रोत: काशीराम नाखवा. शेवटची दुरुस्ती: झालेली नाही. माहिती बरोबर, ठिकाण वेगळं. खाडीसाठी पाऊण तास वाढवावा. तपासलं: विठूकाका आणि प्रत्यक्ष.’ मग दहापैकी सहा गुण दिले.

तोवर शैलेश सर पायऱ्यांवर अनवाणी बसून लॅपटॉपवर काही वजाबाक्या करत होते. ते एकदम म्हणाले, “बाई, साडेपाच तास!”

“कशाचे?”

“यांनी सगळ्या वेळा ग्रिनिचच्या दिल्यात. आपल्यासाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे राहिलेत. कुठेच लिहिलेलं नाहीये. मिळवले की आजची ओहोटी सव्वातीनला, म्हणजे भरती नऊ-सव्वानऊला येते. तुमच्या पाऊणपटीशी जुळतं, वर विठूकाकांचा पाऊण तास.”

“म्हणजे उपग्रहाचं बरोबर होतं,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“त्याला फक्त कोणी पनवेलला आणलं नाही.”

भरती आणि ओहोटी यांच्यात सहा तासांचं अंतर. साडेपाच तासांची चूक झाली की जिथे ओहोटी लिहिलेली असते तिथे नेमकी भरती येते. हे मला बी.एस्सी. असून शैलेश सरांना दोनदा विचारावं लागलं. मग त्यांनी सोमवारचाही हिशेब तिथेच केला. भरती सव्वाअकरा ते साडेअकरा. ओहोटी साडेपाचला. चारला मुलांना उतरवायचं आणि सव्वापाचला, पाणी फिरायच्या आत, सगळी वर.

मी घरी न जाता शाळेत गेले, अर्ज परत घ्यायला. भोईर सर म्हणाले, अर्जाला आवक क्रमांक पडला आहे, आता तो परत घेता येत नाही, मागे घेत असल्याचा दुसरा अर्ज करा. मी दुसरा अर्ज केला. त्याला फक्त सतरा सह्या मिळाल्या, कारण बाकीच्यांना पहिल्या अर्जात काय होतं ते आठवत नव्हतं. भोईर सरांनी दोन्ही अर्ज टाचून फायलीत लावले आणि दुपारच्या बसला परवानगी दिली. बरोबर एक पालक असावा, अशी अट घातली. कोण, हे विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

सोमवारी सकाळी मी मनस्वीला शाळेत सोडलं आणि रिक्षा करून धक्क्यावर गेले. गणित सुटलेलं होतं, तरी जाऊन पाहावंसं वाटलं. अकरा पाचला एकही पायरी दिसत नव्हती. पाणी धक्क्याच्या कडेला लागून हलत होतं, आवाज न करता. जिथे मुलं उतरणार होती तिथली तिवरं फक्त शेंड्यांनी वर होती. रिक्षावाल्याने विचारलं, कोणाची वाट बघताय. मी म्हटलं, कोणाची नाही. तो म्हणाला, मग वेटिंग लागेल.

विठूकाका जागेवर होते. “आज पोरं येनार ना?” त्यांनी विचारलं.

“चारला.”

“चार बेस हाय.”

चारला आम्ही बेचाळीस मुलं घेऊन पोचलो तेव्हा पायऱ्यांच्या खाली आणखी पायऱ्या निघाल्या होत्या आणि त्यांच्या खाली चिखल, लांबवर, चकचकीत. बाईंनी साडीचा पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी उतरल्या. पोटरीपर्यंत गेल्या, उभ्या राहिल्या, एक पाय काढून दुसरा टाकून पाहिला, मग हात केला. शैलेश सर चपला काढून मागोमाग. मुलं त्या दोघांच्या मध्ये रांगेने. मनस्वी चौथी होती. ती वळून म्हणाली, “आई, तू वरच थांब हं, घसरशील.”

मी वरच थांबले. बिळं मोजली गेली. कोमलने एकशे चाळीस सांगितली आणि निकेशने चारशे. बाईंनी दोघांना विचारलं, कोणी सांगितलं, आणि दोघांनाही पुन्हा मोजायला पाठवलं. मनस्वीची एक चप्पल चिखलात गेली ती निघाली नाही. सव्वापाचला दोन मिनिटं कमी असताना बाईंनी शिट्टी वाजवली. कोणाला यायचं नव्हतं. “पाणी तुमची वाट बघणार नाही,” त्या म्हणाल्या आणि शेवटचा मुलगा वर येईपर्यंत स्वतः खालीच राहिल्या. त्यांच्या मागे, तिवरांच्या पलीकडच्या चरात पाणी अजून बाहेरच्याच दिशेला वाहत होतं. ते मी पाहून ठेवलं.

धक्क्यावरच्या नळावर पाय धुऊन सगळी बसमध्ये बसली. बाईंनी दारात उभं राहून डोकी मोजली, बेचाळीस. शैलेश सरांनी मागून मोजली, बेचाळीस. मग मी मोजली. त्रेचाळीस आली. मी पुन्हा मोजली, पुन्हा त्रेचाळीस. एक जास्त मुलगा कुठून आला असेल, आणि तो जास्त असेल तर खरा कोण राहिला असेल, असं काहीतरी डोक्यात येऊ लागलं.

बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “खिडकीच्या काचेत तुम्ही दिसताय. ते डोकंही मोजताय.”

मी काचेकडे पाठ करून तिसऱ्यांदा मोजली. बेचाळीस. मग ड्रायव्हरला सांगितलं, चला.